पहिला बरा की दुसरा

चष्मेवाल्याच्या हॉलमध्ये सोमवारपासून दोन तंबू होते आणि त्याला जेवायला बसायला जागा उरली नव्हती. सोफा भिंतीला लागला होता, टीपॉय बाल्कनीत गेलं होतं आणि तो स्वतः ओट्याशी उभ्या उभ्या चार घास पोटात ढकलत होता. एक तंबू पिवळा. तो आपल्या दांड्यांवर आपला आपण उभा राहिला होता, एखाद्या फुगलेल्या कोंबडीसारखा. दुसरा करडा. त्याला स्वतःच्या दांड्याच नव्हत्या. त्याच्या दोऱ्या सोफ्याच्या पायाला, खिडकीच्या गजांना आणि फ्रीजच्या दांडीला बांधल्या होत्या, त्यामुळे फ्रीज उघडला की तंबूचा एक कोपरा खाली बसायचा. पुढून त्याला फरशी पुसायच्या मॉपचा दांडा टेकू दिला होता आणि मागून जाळी काढायच्या झाडूचा.

चष्मेवाला दुकानातून येई, बूट काढी आणि दोन्हींच्या मध्ये उभा राही. मग एकदा इकडे बघी, एकदा तिकडे.

ही त्याची रोजचीच भाषा होती, फक्त उलटी. दुकानात तो गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड चाचणीची फ्रेम चढवी, एक भिंग घाली, काढी, दुसरं घाली आणि विचारी, "पहिलं बरं की दुसरं?" गिऱ्हाईक घुटमळलं की तो न कंटाळता पुन्हा दाखवी. इतकी वर्षं हा प्रश्न विचारून त्याचा असा समज झाला होता, की नीट दाखवलं तर माणसाला आपलं आपण कळतंच. आता तो स्वतः मध्ये उभा होता आणि त्याला काही म्हणता काही कळत नव्हतं.

झालं होतं असं. तो आणि त्याची बायको दर वर्षी थंडी लागायच्या आधी डोंगरातल्या एका तळ्यावर जात. बसनं पायथ्यापर्यंत, तिथून दोन दिवसांची चढण, तळ्याकाठी मुक्काम आणि परत. त्यांचा जुना तंबू चांगला दणकट होता आणि तितकाच जड. दांड्या आणि खुंट्या त्याच्या पाठीवर, कापड तिच्या. लावायची पद्धतही ठरलेली. ती आत शिरायची, तो बाहेर थांबायचा, आतून आवाज यायचा, "अहो, उचला आता," आणि हा उचलायचा. मागच्या वर्षी तळ्यावरून आल्यावर दोन महिन्यांनी ती आजारी पडली, आणि आजाराचं नाव नीट तोंडात बसायच्या आत गेली. जुना तंबू माळ्यावर होता. एकट्याला तो उचलवणार नव्हता, आणि वर त्याचा उजवा गुडघा कुरकुरायला लागला होता. डॉक्टरांनी सांगितलं, चालायला हरकत नाही, पण ओझं कमी करा आणि दोन्ही हातांत काठ्या घ्या.

या वर्षी जायचं, एवढं त्याचं ठरलं होतं. का, ते त्याला कोणी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. पण या वर्षी राहिलं तर आपण पुन्हा कधी उठणार नाही, अशी त्याला धास्ती होती. तळ्याकडची वाट पुढच्या आठवड्याअखेर थंडीमुळे बंद होणार होती. रविवारी सकाळची बस ही शेवटची.

म्हणून तो तंबूवाल्याकडे गेला. गिर्यारोहणाचं सामान विकणारा हा माणूस त्याचं जुनं गिऱ्हाईक, दुहेरी नंबरचा चष्मा कायम नाकाच्या शेंड्यावर ठेवून वरून बघणारा. चष्मेवाल्याला तो डॉक्टरसाहेब म्हणायचा आणि चष्मेवाला दर वेळी सांगायचा, की मी डॉक्टर नाही. तंबूवाल्यानं दोन तंबू समोर टाकले. म्हणाला, सगळं जग या दोनांत विभागलंय बघा. हा पिवळा आपल्या पायांवर उभा राहतो. खडकावर लावा, फरशीवर लावा, जागा आवडली नाही तर तसाच उचलून पलीकडे ठेवा. हा करडा जवळजवळ निम्म्या वजनाचा, कारण त्याचा सांगाडा तुम्ही हातात घेऊन चालता. दोन काठ्या, चार खुंट्या, ताणलेल्या दोऱ्या. झालं घर.

"म्हणजे करडाच बरा," चष्मेवाला म्हणाला.

तंबूवाला म्हणाला, थांबा. खडकात खुंटी रुतत नाही. एक खुंटी उपटली की करडा तोंडावर. म्हणजे मग पिवळा, असं चष्मेवाल्यानं म्हटलं, तर तंबूवाला पुन्हा म्हणाला, थांबा. वारा सुटला की पिवळ्याच्या बारीक दांड्या वाकतात, आणि करडा नीट ताणलेला असला तर ढिम्म हलत नाही. पाऊस आला तर पिवळ्याचं आतलं कापड आधी लावावं लागतं आणि ते भिजतं, करडा एका झटक्यात उभा. पण करड्याच्या भिंती कलत्या, आपल्याच श्वासाचं पाणी आतून धरतं आणि सकाळी डोकं लागलं की गार थेंब मानेवर. पिवळ्याची दांडी डोंगरात मोडली तर खेळ खलास. करड्याची काठी मोडली तर झाडाची फांदी चालते. पण तंबू ठेवून जरा फिरायला जावं म्हटलं, तर काठ्या तंबूत अडकलेल्या. काठ्या घेतल्या तर तंबू झोपला.

बोलता बोलता तंबूवाला स्वतःच थांबला आणि चष्म्यावरून बघत राहिला. मग म्हणाला, दोन्ही न्या घरी. बघा, लोळा. शनिवारी जो नको तो आणून द्या.

सोमवारी रात्री लेकीचा फोन आला. ती दूरच्या शहरात होती आणि तिकडून बापाला सांभाळत होती. तिनं दोन्ही तंबूंचा अभ्यास करून ठेवला होता. तिचं म्हणणं, पिवळाच. एकटा माणूस, साठी आलेली, गुडघा असा, जे आपोआप उभं राहतं ते घ्यावं. मंगळवारी पुन्हा फोन आला, आता तिच्या नवऱ्याचं म्हणणं पडलं होतं की गुडघा असा आहे म्हणूनच हलका तो घ्यावा. "म्हणजे बाबा, तूच बघ," असं म्हणून तिनं विषय बापाच्या गळ्यात टाकला. बुधवारी चष्मेवाल्याचा पक्का विचार झाला की करडा. गुरुवारी सकाळी दात घासताना पिवळा. दुपारी दुकानात एका बाईंना त्यानं जवळच्या नंबराच्या जागी लांबचा नंबर लिहून दिला, मग त्यांच्या मागे रस्त्यापर्यंत धावत गेला. डोक्याचा अगदी भुगा झाला होता.

आणि तंबूंपेक्षा एक वेगळीच गोष्ट त्याला आतून टोचत होती. ती दाराआड होती.

मुख्य दाराच्या मागे, छत्र्या ठेवायच्या उभ्या डब्यात, बायकोच्या चालायच्या दोन काठ्या होत्या. लांब-आखूड होणाऱ्या, मध्ये कडी असलेल्या. कडी उघडायची, हवी तेवढी लांबी घ्यायची, कडी दाबून बंद करायची. त्यानं स्वतः कधी काठी वापरली नव्हती. ती ठक ठक करत मागून यायची, हा मोकळ्या हातांनी पुढे. ती गेल्यावर महिनाभरानं, छत्री काढताना, त्याच्या लक्षात आलं की त्या कड्या शेवटच्या तिनं दाबल्या आहेत. घरातलं बाकी सगळं तोवर हललं होतं. कपडे गेले, औषधं गेली, तिची उशीसुद्धा कधीतरी धुतली गेली. काठीची कडी तेवढी तशीच होती. मोजण्याचाच धंदा, त्यामुळे त्यानं दुकानातली पट्टी आणून समोरची काठी जागच्या जागी मोजली. एकशे अठरा. हा आकडा त्यानं कुठे लिहिला नाही, लिहायची गरजच नव्हती. बायकोच्या दोन बुबुळांमधलं अंतरही त्याला असंच पाठ होतं, अर्ध्या मिलिमीटरपर्यंत.

करड्या तंबूला दोन्ही काठ्या एकशे पंचवीसला लागत. तंबूवर शिवलेल्या पट्टीवर तसं छापलंच होतं. म्हणजे कडी उघडायला हवी. पिवळा घेतला तर तंबूसाठी उघडायला नको, पण गुडघ्यासाठी काठ्या लागणारच, आणि तो तिच्यापेक्षा अर्धी वीत उंच, म्हणजे तेव्हाही उघडायला हवी. नव्या घ्याव्यात म्हटलं, तर तंबूवाल्याकडे जोड्या टांगलेल्या होत्या. त्यानं एक जोडी हातात घेतली आणि परत अडकवली. तळ्यावर जायचं आणि तिच्या काठ्या दाराआड ठेवायच्या, हे त्याला बरं वाटेना. तिच्या न्यायच्या आणि कडी उघडायची, हेही बरं वाटेना. पहिलं बरं की दुसरं, विचारून विचारून तो थकला, आणि म्हणूनच सोमवारी त्यानं करड्या तंबूला मॉप लावला होता.

शुक्रवारी संध्याकाळी मेहुणी आली. ही बायकोची धाकटी बहीण, दोन गल्ल्या सोडून राहणारी, गाडी चालवायला शिकवायचा तिचा व्यवसाय. दिवसभर शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून, पायाखाली जादा ब्रेक ठेवून तिचा स्वभाव असा झाला होता, की समोरचा गोंधळला की तिला आपोआप शांत वाटायचं. लेकीनं तिला फोन करून पाठवलं होतं, हे तिनं दारातच सांगून टाकलं. चपला काढल्या, हॉलकडे पाहिलं, दोरी ओलांडली आणि झाडूपाशी येऊन थांबली.

"भावोजी, डोंगरात हा झाडू नेणार का मॉप?"

"तात्पुरतं आहे ते."

"पहिल्या पावसात घर पुसूनही होईल, एकाच खर्चात."

तो हसला नाही. तिनं विचारलं, ताईच्या काठ्या कुठे गेल्या. त्यानं दाराकडे बोट केलं आणि चहा टाकायला आत गेला. तिथूनच, पाठ करून, त्यानं कड्यांची गोष्ट सांगितली. एवढं एकच वाक्य तो बोलला, की त्या तिनं दाबल्यात आणि मला उघडवत नाहीत. मेहुणी त्याच्या मागोमाग आत आली. फ्रीज उघडून तिनं दूध दिलं, तेव्हा हॉलमध्ये तंबूचा कोपरा खाली बसल्याचा आवाज आला.

चहा पिता पिता त्यानं तिला दोन्ही तंबू समजावून सांगितले. वारा, खडक, पाऊस, थेंब, खुंट्या, वजन. सांगताना तो पिवळ्याच्या बाजूनं सुरू झाला आणि करड्याच्या बाजूनं संपला, आणि हे त्याला स्वतःलाच संपल्यावर कळलं. मेहुणीनं कप खाली ठेवला. म्हणाली, तुम्ही डोळ्यांचे धंदेवाले, डोळ्यांनीच बघत बसलाय. डोळे मिटा, मी आत नेते, झोपा आणि अंगाला काय वाटतं ते सांगा.

पोरखेळ होता, पण त्याच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं. त्यानं डोळे मिटले. तिनं त्याला दंडाला धरून वाकवलं, गुडघ्यांवर बसवलं, आत सरकवलं. तो पाठीवर पडून राहिला. कापडाचा वास येत होता. जरा वेळानं तिनं बाहेर काढलं, दोनदा गोल फिरवलं, कुठेतरी काहीतरी सरकवलं, पुन्हा वाकवलं, पुन्हा आत. तो पुन्हा पडला. या वेळी त्यानं हात लांब करून पाहिले, मान हलवून पाहिली, दीर्घ श्वास घेतला.

"दुसरा बरा," तो म्हणाला. "इथे मोकळं वाटतं. डोक्याशी जागा आहे. त्या पहिल्यात जरा कोंदट होतं."

"नक्की?"

"नक्की. फरक कळतो ना."

"मग उघडा डोळे."

त्यानं उघडले. वर पिवळं कापड होतं. पायाशी, जाळीपलीकडे, सोफ्याचा तोच फाटका कोपरा दिसत होता जो पहिल्यांदा शिरताना त्याच्या हाताला लागला होता. दोन्ही वेळा ती त्याला एकाच तंबूत घेऊन आली होती.

त्याला क्षणभर राग आला आणि मग राग कशाचा तेच कळेना. ही त्याचीच युक्ती होती. गिऱ्हाईक फार घुटमळायला लागलं, की तो भिंग काढून तेच भिंग पुन्हा घालायचा आणि विचारायचा. गिऱ्हाईक ठामपणे म्हणायचं, दुसरं कितीतरी बरं. मग त्याला कळायचं, की आता याचे डोळे थकलेत, हा आपल्याला खूश करायला उत्तरं देतोय.

"तुला कोणी सांगितलं हे?"

"ताईनं. तुमची सगळी गुपितं तिनं फोडून ठेवलीत," मेहुणी बाहेरून म्हणाली. "पण पुढचं नाही सांगितलं. असं गिऱ्हाईक आलं की तुम्ही काय करता?"

तो पडल्या पडल्या विचार करायला लागला. काय करत होता बरं. भिंगं बाजूला ठेवायचा. फ्रेम उतरवायचा, नाकावरचे वळ जाऊ द्यायचा. मग विचारायचा, तुम्हाला वाचायचं काय असतं आणि कुठे बसून. कोणी म्हणायचं, शिवणाच्या सुईत दोरा ओवायचा असतो. कोणी म्हणायचं, गाडीवर पाट्या वाचायच्या असतात. तेवढं कळलं की भिंग कोणतं, हे जवळजवळ ठरलेलंच असायचं.

त्यानं तिला तसं सांगितलं.

"मग सांगा," ती म्हणाली. "तुम्हाला तिथे जाऊन करायचं काय आहे?"

हे त्याला चार दिवसांत कोणी विचारलं नव्हतं. लेकीनं गुडघा विचारला, तंबूवाल्यानं जमीन विचारली. तो छताकडे बघत बोलायला लागला. तळ्याच्या वर एक खिंड आहे. तळ्यावर पोचलं की ती समोर दिसते, अगदी उभी, नागमोडी वाटेची. दर वर्षी सकाळी चहा घेताना बायको म्हणायची, वर जाऊन पलीकडे काय आहे ते बघू या. आणि दर वर्षी काहीतरी निघायचं. ढग यायचे, बस चुकेल असं वाटायचं, पाय दुखायचे. मग म्हणायची, पुढच्या वर्षी. त्याला तंबू तळ्याशी ठेवून त्या खिंडीत जायचं होतं. जायचं, बघायचं, परत यायचं. बाकी काही नाही.

"मग खिंडीत जाताना काठ्या कुठे असतील?"

"हातात."

"आणि करडा तंबू?"

काठ्या नेल्या की तो झोपणार. तंबूवाल्यानं हे सोमवारी सांगितलंच होतं, पण दहा गोष्टींमधली एक म्हणून. आता ती एकटीच समोर उभी होती. तरी त्यानं वाद घातला. म्हणाला, पण वजनाचं काय, वाऱ्याचं काय, आणि समजा पिवळा घेतला तरी काठी माझ्या उंचीला करायला कडी उघडावीच लागणार, सुटका नाहीच. मेहुणी वाद घालत बसली नाही. ती दारापाशी गेली. छत्र्या खडखडल्या. काठ्या घेऊन ती परत आली तेव्हा तो तंबूतून अर्धा बाहेर आला होता, आणि त्यानं आधी कड्या जागच्या जागी आहेत का ते बघितलं.

ती बहिणीच्याच उंचीची. तिनं एक काठी हातात घेतली, टोक फरशीला टेकवलं आणि भुवया वर केल्या. तिचं कोपर पार वर आलं होतं, खांद्याच्या रोखानं.

"ही ताईची उंची नाही," ती म्हणाली.

"एकशे अठरा आहे. मी मोजलीय."

"असेल. पण ही हातात धरून ताई चालली असती तर पोलिसानं गाडी थांबवायला हात केल्यासारखी दिसली असती."

मग तिनं दुसरी धरली. ती बरोबर आली, कोपर काटकोनात. तिनं दोन्ही काठ्या शेजारी शेजारी फरशीवर उभ्या केल्या. एक दुसरीपेक्षा चांगली चार बोटं लांब होती.

चष्मेवाला बघतच राहिला. दोन डोळे कधी सारखे नसतात, एक मोजून दुसरा धरून चालू नये, हे तो दुकानात प्रत्येक शिकाऊ पोराला पहिल्या दिवशी सांगत आला होता. आणि डब्यात तिरक्या पडलेल्या दोन काठ्यांतली समोरची एक मोजून त्यानं इतके महिने तो आकडा बायकोचा म्हणून जपला होता.

"धरा," मेहुणीनं लांब काठी त्याच्यापुढे केली.

त्यानं उभं राहून मूठ धरली. कोपर काटकोनात आलं. मुठीचा पट्टा त्याच्या पंजाभोवती घट्टही झाला नाही आणि सैलही राहिला नाही. बायकोचे हात लहान होते. दुसऱ्या काठीचा पट्टा त्यानं बघितला, तो मुलाच्या मनगटाएवढा आवळलेला होता.

"तुम्हाला दिली असणार तिनं," मेहुणी म्हणाली. "उतरताना."

"नाही गं. मी कधी काठी घेत नाही."

"गुडघा कधीपासून दुखतोय?"

हिवाळ्यापासून, असं तो सगळ्यांना सांगत आला होता. ती गेल्यानंतर. आता त्याला ते खात्रीनं सांगता येईना. उतरणीवरचा तो दगडगोट्यांचा टप्पा त्याला आठवत होता. आपण थांबलो होतो, हेही आठवत होतं. ती खाली वाकून काहीतरी करत होती. बुटाची नाडी बांधत होती असं त्याला आत्तापर्यंत वाटत आलं होतं. की काठी लांब करत होती? आणि नंतर बसच्या रांगेत आपल्या हातात काय होतं? पाण्याची बाटली होती. की काठी? तो डोळे मिटून आठवत राहिला. एकदा त्याला दिसलं की ती काठी पुढे करतेय आणि आपण नको नको म्हणतोय. एकदा दिसलं की नाडीच. दोन्ही सारखंच स्पष्ट दिसत होतं, आणि सांगू शकणारं माणूस एकच होतं.

"उतारासाठी लांब केली असेल तिनं," तो म्हणाला. "उतारावर लांब करतात."

"दोन्ही करतात भावोजी. एक नाही करत. आणि पट्टा कोणी सैल केला?"

त्यानं दोन्ही काठ्या हातात घेतल्या आणि हॉलमध्ये, दोऱ्या चुकवत, चार पावलं चालून बघितलं. उजवा हात बरोबर होता, डावा खाली जात होता. मेहुणी म्हणाली, अशा चालाल तर लंगडल्यासारखे दिसाल. तो म्हणाला, लंगडतोच आहे. मग बऱ्याच वेळानं तो पहिल्यांदा हसला, आणि ती कप उचलून आत गेली. तिथे तिनं नळ जरा जास्तच वेळ चालू ठेवला.

शनिवारी त्यानं करडा तंबू परत नेला. तंबूवाल्यानं विचारलं, का, तर त्यानं सांगितलं की माझ्या काठ्या मोकळ्या राहायला हव्यात. तंबूवाला म्हणाला, हेच खरं कारण, मी तेच म्हणत होतो. मग त्याची नजर चष्मेवाल्याच्या हातातल्या काठ्यांकडे गेली. बोलता बोलता, एखाद्याचा चष्मा दिसला की चष्मेवाला जसा न विचारता काढून पुसायला घेई, तसाच तंबूवाल्यानं आखूड काठीकडे हात नेला. अंगठा कडीवर होता.

"लहानमोठ्या झाल्यात, डॉक्टरसाहेब, सारख्या करून देतो."

"राहू दे," चष्मेवाला म्हणाला आणि काठी मागे ओढली. जरा जोरातच ओढली गेली. तंबूवाल्यानं चष्म्यावरून पाहिलं आणि हात खिशात घातला. मी डॉक्टर नाही, हे सांगायचं त्या दिवशी राहूनच गेलं.

तळ्यावर पोचला तेव्हा दुपार कलली होती. त्यांची नेहमीची जागा म्हणजे एक मोठा सपाट खडक. तिथे खुंटी रुतली नसतीच. पिवळा तंबू त्यानं एकट्यानं उभा केला. उचला म्हणायला आत कोणी नव्हतं, त्यामुळे सवयीनं तो बाहेर दांडी धरून क्षणभर थांबला, मग उचलली. वाऱ्यानं तंबू खडकावरून सरकायला लागला. त्यानं आत चारी कोपऱ्यांत दगड ठेवले आणि मनात म्हणाला, करडाच घ्यायला हवा होता. पहाटे वारा पडला आणि त्याला वाटलं, नाही, हाच बरा.

सकाळी चहा पिऊन तो खिंडीकडे निघाला. तंबू आपला उभा होता. वाट कडेच्या उतारावरून आडवी चढत होती, डावीकडे डोंगर आणि उजवीकडे दरी. शंभरेक पावलं गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की लंगडायला होत नाहीये. डोंगराच्या बाजूच्या हातात आखूड काठी होती, दरीच्या बाजूला लांब. जमीनच तशी तिरकी होती, दोन्ही हात सारख्या उंचीवर येत होते. मग वळण आलं. वाट उलटी फिरली, डोंगर उजवीकडे आला, आणि तो पुन्हा लंगडायला लागला. त्यानं थांबून हात बदलले. पुढच्या वळणावर पुन्हा बदलले. अशी कितीतरी वळणं होती. सात-आठ झाल्यावर कोणती काठी कुठल्या हातात होती ते त्याला आठवेना, म्हणून त्यानं मेहुणीसारख्या दोन्ही शेजारी उभ्या करून बघितल्या, आणि पुढे निघाला.

वरून एक माणूस उतरत आला, भरभर, पाठीवर एवढीशी पिशवी. रस्ता देताना त्याचं लक्ष गेलं.

"काका, तुमची एक काठी लांब राहिलीय. कडी सैल झाली असेल."

"नाही," चष्मेवाला म्हणाला, "ती माझी आहे."

त्या माणसाला काही समजलं नाही, पण तो मान हलवून खाली गेला. खिंडीची कडा आता जवळ दिसत होती, तिच्यापलीकडे नुसतं आभाळ. चष्मेवाल्यानं दम घेतला. खाली तळं होतं, खडकावर पिवळा ठिपका होता. एकच वळण राहिलं होतं. तिथे पोचल्यावर त्यानं हात बदलले, दोन पावलं टाकली, थांबला आणि पुन्हा बदलले, कारण या वळणावर डोंगर त्याच बाजूला राहिला होता आणि आधीचं बरोबर होतं.